कडी

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर वह्या तपासत बसले होते, तेव्हा मागच्या गल्लीतली बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. वेचणीवरून थेट आली होती. केसांत कापसाची पुंजकी, ओटीचं फडकं अजून कमरेलाच, आणि बोटांच्या पेरांवर बोंडांच्या टोकांनी ओरखडलेल्या रेघा. पाणी दिलं ते घेतलं, चहाला नको म्हणाली. तिची पोरगी माझ्याच वर्गात आहे, तिच्या अभ्यासाचं विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "मॅडम, त्या गाडीवाल्याईचा नंबर हाये काय तुमच्यापाशी? तुमच्या भावाले नेलं होतं ते." डावा हात ती पदराखालून काढतच नव्हती. मी विचारलं नाही. रात्रीचे आवाज मागच्या गल्लीतून माझ्या खिडकीपर्यंत येतात.

नंबर माझ्याकडे आहे. सहा वर्षांत दोन मोबाईल बदलले, पण एका फोनमधून दुसऱ्यात जाताना तोही सोबत येत राहिला, 'व्यसनमुक्ती गाडी' या नावानं. मी तिला म्हणाले, "जुन्या फोनमध्ये असेल, शोधून ठेवते." ती मान हलवून निघून गेली. मी वह्या पुढे ओढल्या, पण एकाच मुलाचं शुद्धलेखन चारदा वाचलं.

नंबर शोधायचा नव्हता. तो द्यायचा की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठाचं. अल्याड वर्धा जिल्हा, गांधीजींचा म्हणून पन्नासेक वर्षं दारूबंदीचा. पूल ओलांडला की यवतमाळ, तिथं देशीचं परवान्याचं दुकान. दारू कशी येते हे इथं कुणाला सांगायला नको. दुधाच्या कॅनमधून येते, मोटारसायकलच्या डिक्कीतून येते, आणि नाल्याकाठी गाळलेल्या मोहाचा आंबूस वास तर वाऱ्याबरोबर शाळेच्या पटांगणापर्यंत येतो. बंदी नको असं मी म्हणणार नाही. चंद्रपुरात २०१५ साली बंदी यावी म्हणून बाया पायी चालल्या होत्या, आणि २०२१ मध्ये ती उठली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते मला कळतं. पण बंदीच्या गावात एक गोष्ट घडते. दारू सगळ्यांना मिळते, फक्त "मी पितो, मला सोडवा" असं दवाखान्यात जाऊन मोठ्यानं म्हणायला जीभ रेटत नाही. माणूस लपून पितो, मग लपून आजारी पडतो, आणि घरचेही त्याचा इलाज लपूनच करायला शिकतात.

आमच्याकडेही तसंच झालं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बैलांचा त्याला भारी नाद. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला तो हळद-लोण्यानं बैलांचे खांदे चोळायचा आणि त्यांच्या कानाशी वाकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचा, ते इतकं मनापासून की लहानपणी मला वाटायचं बैल खरंच हो म्हणतात. शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झूल, तोरणाखाली झडत्या म्हणायला गावात त्याच्यासारखा गळा नव्हता. तो माणूस सहा वर्षांपूर्वीच्या पोळ्याला गोठ्यातच पडून होता. बैल तोरणाखाली दुसऱ्याच कुणी नेले. ओवाळायला वहिनी ताट घेऊन दारात उभी राहिली, बैल आले, पण धरणारा हात घरचा नव्हता. तिनं बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली आणि ताट तसंच हातात धरून मला म्हणाली, "बाई, आता करा काहीतरी."

काहीतरी करून झालेलंच होतं. तुळशीची माळ घातली होती, ती पाच महिने टिकली. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. आणि त्याच्या आदल्या वर्षी एस.टी. स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात वाचून मी स्वतः पुड्या मागवल्या होत्या. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा, असं त्या भिंतीवर लिहिलं होतं. वहिनी वरणात एक चिमूट घालायची. चौथ्या दिवशी दादा नदीपल्याडून पिऊन आला आणि अंगणात कोसळला. चेहरा लाल, डोळे ताठ, छातीवर हात, ओकारीवर ओकारी. आम्ही दोघी घाबरून थिजलो, आणि मला आजही हे लिहिताना लाज वाटते, की त्या भीतीत थोडा आनंदही होता. औषध लागू पडतंय, असा. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की अशा पुड्यांत बहुतेक डायसल्फिराम असतं. त्यानं दारूचं शरीरातलं विघटन अर्ध्यावर अडतं आणि विषारी पदार्थ साठतो. रक्तदाब इतका उतरू शकतो की माणूस जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. म्हणून घेणाऱ्याला सगळं माहीत असल्याशिवाय ती द्यायचीच नसते.

दादाला पुडीचं कळलंच. वरणाच्या गंजाखाली ठेवलेला कागद त्याला सापडला. तो ओरडला नाही, हातही उगारला नाही. दुसऱ्या दिवशीपासून वावरातल्या झोपडीत तीन दगडांची चूल मांडून स्वतःचं स्वतः शिजवू लागला. घरी असला की वहिनी भाकरी थापताना समोर बसून पाहायचा, आणि पाहिलेलीच भाकरी उचलायचा. दारूनं त्या नवराबायकोत जेवढं अंतर पाडलं नव्हतं, तेवढं त्या चिमटीनं पाडलं.

तरीही पोळ्याच्या दिवशी वहिनी "करा" म्हणाली तेव्हा मी पुन्हा न सांगण्याचाच रस्ता धरला. शेजारच्या तालुक्यातलं एक केंद्र, महिन्याचे आठ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. फोनवरचा माणूस आपुलकीनं बोलला. "मॅडम, तुम्ही फक्त दाराची कडी काढून ठेवा. बाकी आमची पोरं करतात."

पोळ्याची कर झाली, त्याच्या दुसऱ्या पहाटे गाडी आली. मी शाळेच्या कोपऱ्यावर मोबाईलचा उजेड दाखवत उभी होते. दव पडलेलं, सगळ्या गल्लीत शेणाचा आणि ओल्या कडब्याचा वास. चार जण उतरले, चपला गाडीतच काढून. कडीचा आवाज झाला नाही. मग एकदम भांडी पडली, लेकरू किंचाळलं, आणि चादरीत गुंडाळलेला दादा बाहेर आला. पाय नायलॉनच्या दोरीनं बांधलेले. गाडीच्या उजेडात त्याला मी दिसले. त्याला वाटलं मी आवाज ऐकून धावत आले. जीव तोडून ओरडला, "बाई, पाय वो, काय करून रायले हे लोकं!"

मी शाळेच्या भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी केंद्रातून फोन आला, घेऊन जा. रात्रीपासून दोनदा झटके आले होते. पहिला झटका त्यांना नाटक वाटला. आम्ही पोचलो तेव्हा लोखंडी फाटकाच्या आत, तीस-पस्तीस माणसं झोपतात त्या हॉलच्या कोपऱ्यात, तो भिंतीवरून काहीतरी वेचत होता. जवळ गेल्यावर कळलं, कापूस वेचत होता. नसलेला कापूस नसलेल्या ओटीत टाकत होता, आणि मधूनच हात झटकून "किडे, किडे" म्हणत होता. अंग भाजत होतं. डॉक्टर? रविवारी येतात, म्हणाले.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि झटके आवरणारी गोळी सुरू केली, आणि मग मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "एकदम तोडली? कुणाच्या देखरेखीत?" वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत हा असा भ्रम. इलाज नसेल तर त्यात माणूस दगावतो. मी मुलांना विज्ञान शिकवते. आपण दादाला मरणातून ओढून काढतोय असं समजून मी त्याला कुठं लोटत होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढचं जे झालं ते मी जास्त वेळा आठवते. त्या डॉक्टरांनीही दादाला त्याच्या मर्जीविरुद्धच ठेवून घेतलं. भ्रम ओसरल्यावर तो "मले घरी जाऊ द्या" म्हणून सलाइनचा स्टँड ढकलायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला सोडलं नाही. पण ते खाटेवर, त्याच्या पायांशी बसले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याला वेगळं तपासलं होतं, ते त्यांनी सांगितलं. वहिनीच्या अर्जावर ठेवतोय, हे वहिनीला समोर उभं करून सांगितलं. "तुझा नकार मी लिहून घेतलाय. तुला तक्रार करता येते, तिचं मंडळ आहे, अर्ज मी देतो. हे पाय, दारू तुटली की अंगात काय होते ते सांगतो. पयले हात, मंग झोप, मंग घाम, मंग दिसाले लागते." वऱ्हाडीतच बोलत होते. दादानं त्यांना शिवी दिली. त्यांनी ऐकून घेतली आणि संध्याकाळी पुन्हा येऊन बसले.

नंतर मी तो कायदा मिळवून वाचला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, पुढच्या वर्षी मे महिन्यापासून लागू झालेला. दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था त्याच्या व्याख्येतच येतात. कलम ८९ प्रमाणे माणसाला त्याच्या संमतीशिवाय दाखल करता येतं, पण एका मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी त्याला स्वतंत्र तपासायला हवं. त्यानं नुकतंच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलेला हवा किंवा तशी धमकी दिलेली हवी, नाहीतर दुसऱ्यावर हात टाकलेला, नाहीतर स्वतःची काळजीच घेता येत नाही इतपत गेलेला. मुदत ३० दिवस. दर सात दिवसांनी पाहायचं, हा आता स्वतःचं स्वतः ठरवू शकतो का. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९० आणि मंडळाची परवानगी. आणि कलम ९५: कुणालाही, कसंही, साखळीनं बांधायचं नाही. ते वाचताना तमिळनाडूतलं एरवाडी आठवलं. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथं आग लागली आणि खाटांना, खांबांना जखडलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. पळायला त्यांचे पाय मोकळे नव्हते. दादाच्या घोट्यावर नायलॉनचा वळ अजून आहे. कायदा या सगळ्याला जबरदस्ती म्हणत नाही, आधार देऊन दाखल करणं म्हणतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो शब्द मला गुळगुळीत वाटला. जबरदस्ती ती जबरदस्तीच. पण मी दोन्ही पाहिल्या आहेत. एकीत दादाला काय होतंय ते त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं, आणि दुसरीत सगळ्यांत आधी त्याला.

मग गाडी बोलावणाऱ्या बाया चुकतात, असं मी म्हणू? नाही म्हणवत. तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्याला, आणि घरात हातात विळा घेऊन उभा राहिलेला माणूस. त्याला एस.टी.त कोण बसवणार? दोन डॉक्टरांच्या सह्या घ्यायला त्याला तिथवर न्यायचं कुणी? गाडीवाले दारात येतात, रात्री येतात, फोन उचलतात. त्यांची सगळी ताकद एवढ्यावरच उभी आहे. कलम लिहिणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की त्या कलमाला चाकं द्या. मारहाण होणाऱ्या बाईनं पहाटेच्या गाडीवर विश्वास टाकला, तर दोष तिच्याआधी आपल्या सगळ्यांचा आहे.

दादा दवाखान्यातून आला, चार महिने राहिला आणि संक्रांतीला पुन्हा प्यायला. मी हाय खाल्ली. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पुलावर नाका बसला, दुकानं बंद, आणि चौथ्या दिवशी सकाळी दादा माझ्या दारात उभा. हात पुढे धरून दाखवला. बोटं पिंपळाच्या पानासारखी थरथरत होती. "बाई, पयले हात म्हने होते डाक्टर. आता झोप जाईन, मंग दिसाले लागन. त्याच्या आंधी मले घेऊन चाल." दवाखान्याच्या कागदावर त्यानं स्वतः सही केली, थरथरत्या हातानं नाव दोन ओळींत उतरलं. स्वतःहून दाखल झालेल्याला निघून जायचा हक्क असतो, ते त्याला सांगितलंही. तो अकरा दिवस राहिला. त्यानंतर एकदाच आठ दिवस घसरला, तेवढंच. आता दर गुरुवारी तो भजनी मंडळाच्या खोलीत पिणाऱ्या चार-पाच जणांना घेऊन बसतो. भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो आहे. बाबांचे वडील दारूपायीच गेले, आणि लेकीच्या बारशाला त्यांनी मटण-दारू नाकारून गोडाचं जेवण घातलं, हे आपल्याकडे पोरंही सांगतात. मला बाबांचं वेगळंच भावतं. कीर्तनात ते समोरच्याला विचारायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर घ्यायचे. पिणाऱ्याबद्दल त्याच्या पाठीमागे बोलणं, हे त्यांच्या कीर्तनात नव्हतंच.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. दादा रोज रात्री तीनदा उठतो आणि दाराची कडी हातानं चाचपून पाहतो. वहिनी म्हणते, पावसाळ्यात, थंडीत, कधी चुकत नाही. मी धरून चालले होते की ही त्या पहाटेची भीती आहे.

त्या शनिवारी रात्री मला झोप आली नाही. १४४१६ वर फोन केला. टेली मानस म्हणून ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा २०२२ पासून आहे. पलीकडच्या मुलीनं मराठीत सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न माणसाच्या दारूबद्दल विचारला नाही. ती बाई आज रात्री सुरक्षित आहे का, हे विचारलं. मी उठून मागच्या गल्लीत गेले आणि माय-लेकींना माझ्याकडे झोपायला आणलं. त्या हातावर सूज होती, हाड शाबूत होतं. त्या हाताचा प्रश्न त्याच्या दारूच्या आधीचा आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं.

रविवारी उजाडताच दादाकडे गेले. तो अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता, मांडीवर वॉशर आणि नळी. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. गाडी मी बोलावली होती, उजेड मी दाखवला होता.

"मले माईत हाये," तो पंपातून मान वर न करता म्हणाला. "गाडीत बोलत होते ते. मॅडमचा भाऊ, मॅडमचा भाऊ."

मग बराच वेळ नळी पुसत राहिला.

"कडीचं मले समजत नवतं. म्या लावली होती, असं वाटे. पन त्या दिसाईत म्या काय केलं अन् काय नाई, मले तरी कुठं भरवसा होता. मंग म्हटलं, रायली असन लावायची."

मला बोलता येईना. सहा वर्षं तो भीतीनं उठत नव्हता. आपण काय करतो ते आपल्याला आठवतं की नाही, एवढंच तो रोज तीनदा पडताळून पाहत होता.

"तू लावली होती, दादा," मी म्हणाले. "पहाटे तीनला वहिनीनं काढली. मीच सांगितलं होतं तिला."

वहिनी चुलीपाशी होती. तिचा हात परातीत थांबला. दादानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "लावली होती," असं स्वतःशी म्हणाला, एकदा, आणि पुन्हा एकदा. वॉशर जागेवर बसवला, झाकण घट्ट केलं, हात धुतले.

"नंबर नोको देऊ तिले," तो म्हणाला. "दहाच्या आत जाऊ. पयला घोट नसते झाला, हात कापते, तवा सारं समजते मानसाले. आयकलं तर बरं. नाई आयकलं, हात टाकाले लागला, तर एकशेआठ बोलावू अन् दवाखान्यात नेऊ. नेतो म्हून त्याले सांगूनच नेऊ."

त्यानं टोपी घातली. वहिनीनं त्याच्यापुढे चहा ठेवला, तो त्यानं ती दुसऱ्या कामाला वळलेली असताना प्यायला. मागच्या गल्लीत त्या घराचं दार सताड उघडं होतं. आत खाटेवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसत होतं. मी तशीच उंबऱ्यात पाय टाकणार, तोच दादानं मला मागे धरलं, पुढे वाकून कडी वाजवली आणि बाहेरच थांबला.

"कोन?" आतून आवाज आला.

"मी," दादा म्हणाला. "आत येऊ काय?"